वसुबारसेपर्यंत

हे निवेदन गूगल कंपनीच्या क्रोम विभागाला उद्देशून आहे.

ते मराठीत आहे, कारण ज्यांच्या वतीने आम्ही बोलतो त्यांना ते आधी वाचता यायला हवे.

आम्ही कोण, ते एकदाच सांगतो.

घरात, कचेरीत, शाळेत, वाचनालयात, पतसंस्थेत एक माणूस असतो. नवा संगणक आला की खोके तो उघडतो. जुना अडकला की हाक त्यालाच जाते. "जरा येऊन बघता का," एवढाच निरोप असतो. तो माणूस म्हणजे आम्ही.

आमच्यात शाळांच्या संगणक कक्षांचे शिक्षक आहेत. ऑनलाइन फॉर्म भरून देणारे झेरॉक्सवाले आहेत. दुरुस्तीवाले आहेत. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आणि सणाला गावी येणारी मुले-मुली आहेत. तालुक्यातालुक्यात आहोत. एकमेकांचे नंबर आमच्याकडे आहेत. ठरले की होते.

एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, लावणारे मूठभर, बाकीच्यांना फरक पडत नाही, असा हिशेब नेहमी ऐकू येतो.

हिशेब चुकीचा आहे.

शेजारच्या काकूंनी आपला ब्राउझर कधीच निवडलेला नाही. पतसंस्थेच्या कारकुनाने निवडलेला नाही. आठवीतल्या मुलीने निवडलेला नाही. त्यांच्या पडद्यावर जे चिन्ह आहे ते आम्ही ठेवलेले आहे. आम्ही ठेवले म्हणून ते तिथे आहे.

आणि आम्ही ते कशावरून ठरवतो, हे तुम्हाला पक्के माहीत आहे. वेगावरून नाही, वेग आज सगळ्यांना सारखाच आहे. रंगरूपावरून नाही. त्या ब्राउझरमध्ये काय लावता येते, यावरून ठरवतो.

तुम्हीही याच दाराने आत आलात.

2001 च्या ऑगस्टमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 6 आला. त्याच्या पुढची आवृत्ती यायला 2006 चा ऑक्टोबर उजाडला. मधली पाच वर्षे मायक्रोसॉफ्ट स्वस्थ बसली होती. जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक इंटरनेट वापरणारे इंटरनेट एक्सप्लोररच वापरत होते. जातील कुठे, असे तेव्हाही वाटले असेल.

9 नोव्हेंबर 2004 रोजी फायरफॉक्स 1.0 आला. मागे मोठी कंपनी नव्हती. डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानांची जाहिरात झळकली; तिचे पैसे हजारो साध्या माणसांनी भरले होते. त्यांची नावे त्याच पानांवर छापली होती.

लोक फायरफॉक्सकडे का गेले? टॅब होते, हे खरे. पॉप-अप अडवले जात, हेही खरे. पण जे गेले ते टिकले एक्स्टेन्शनमुळे. जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन तिथे होते. संकेतस्थळे बांधणाऱ्यांसाठी फायरबग होते. ज्याच्या हाताला एकदा ते बसले, तो परत गेला नाही. येताना त्याने अख्खे घर आणि अख्खी कचेरी बरोबर आणली.

सप्टेंबर 2008 मध्ये तुमचा क्रोम आला. चपळ होता. नीटनेटका होता. एक्स्टेन्शन नव्हती.

आमच्यातल्या अनेकांनी तो उतरवला, पाहिला आणि बंद केला.

ते तुम्ही ओळखलेत. 2009 च्या डिसेंबरात एक्स्टेन्शनचे दालन उघडलेत. 2010 च्या जानेवारीत ती सोय सगळ्यांसाठी खुली केलीत. पुढे, पानाकडून निघालेली विनंती मध्येच अडवण्याचा अधिकारही एक्स्टेन्शनला दिलात.

तेव्हा आम्ही आलो.

आज जगातला जवळपास दोन तृतीयांश वापर तुमच्याकडे आहे. त्याचा पाया त्या निर्णयात आहे. तुमच्या अभियंत्यांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. काम चांगले होते, म्हणूनच आम्ही ते दारोदार पोहोचवले. त्यासाठी मजुरी मागितली नाही.

मग तुम्ही दिलेले परत घेतलेत.

काय घेतलेत, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी मांडतो.

आपण एखादे पान उघडतो तेव्हा ते पान एकटे येत नाही. ते मागच्या मागे डझनावारी ठिकाणी हाका मारते. जाहिरात पुरवणारा कुठे, माग ठेवणारा कुठे, मोजणारा कुठे. यूब्लॉक ओरिजिनसारखे एक्स्टेन्शन यातली प्रत्येक हाक निघतानाच पाही, आणि नको असलेली तिथेच तोडी. निर्णय त्याचा असे. ते आपण बसवलेले असल्याने निर्णय आपला असे.

मॅनिफेस्ट व्ही 3 या तुमच्या नव्या नियमावलीने हे बंद केले. आता एक्स्टेन्शनने नियमांची यादी आधी ब्राउझरच्या हाती द्यायची. काय अडवायचे आणि काय सोडायचे, ते त्या यादीवरून ब्राउझर ठरवणार. यादी किती लांब असावी हेही ब्राउझरच ठरवणार. पहिल्या मसुद्यात मर्यादा तीस हजार नियमांची होती. ओरड झाली, तेव्हा ती वाढवलीत.

सोसायटीच्या गेटवर आम्ही आमचा वॉचमन ठेवला होता. तुम्ही त्याला घरी पाठवलेत आणि सांगितलेत की नावे लिहून द्या, आमचा माणूस बघेल. तुमच्या माणसाचा पगार मात्र आत येऊ पाहणाऱ्या फेरीवाल्यांकडून येतो.

2023 मध्ये तुमच्या मूळ कंपनीच्या उत्पन्नाचा तीन चतुर्थांशाहून अधिक हिस्सा जाहिरातींतून आला. जाहिरात अडवणारे तंत्रज्ञान आपल्या धंद्याला बाधक ठरू शकते, हे ती आपल्या वार्षिक अहवालात स्वतःच गुंतवणूकदारांना सांगते. यावर आम्ही काही जोडत नाही.

तुमची बाजू आम्ही वाचली आहे. सुरक्षितता, खासगीपणा, वेग, ही कारणे तुम्ही दिलीत. खोटी एक्स्टेन्शन असतात, हे खरे आहे. काही पासवर्ड चोरतात. काही चांगली म्हणून सुरू होतात आणि विकली गेल्यावर बिघडतात. ती साफ करण्याचे काम आम्हीच घरोघर करतो. त्या धोक्याचे गांभीर्य आम्हाला शिकवू नये.

पण दोन गोष्टींचे उत्तर द्या.

नव्या नियमावलीतही परवानगी घेतलेल्या एक्स्टेन्शनला पानाच्या विनंत्या बघता येतात. अडवता मात्र येत नाहीत. खासगीपणा जपायचा होता तर बघणे बंद व्हायला हवे होते. बंद झाले ते अडवणे.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. कंपन्यांच्या प्रशासकांनी आपल्या यंत्रणेतून बसवलेल्या एक्स्टेन्शनला अडवण्याचा तो जुना अधिकार नव्या नियमावलीतही आहे. तुम्ही तो त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे.

म्हणजे ही सोय इतकी घातक नव्हती की समूळ काढावी. मोठ्या कंपनीच्या हातात ती चालते. गावातल्या शिक्षकाच्या हातात चालत नाही.

हे आम्हाला मान्य नाही.

आता आमच्या संयमाबद्दल.

2018 च्या अखेरीस तुमचा मसुदा बाहेर आला. 2019 च्या जानेवारीत यूब्लॉक ओरिजिनचे निर्माते रेमंड हिल यांनी उघडपणे सांगितले की हे असेच राहिले तर त्यांचे एक्स्टेन्शन चालणार नाही. शांतपणे सांगितले. तांत्रिक भाषेत सांगितले.

आम्ही थांबलो.

2021 च्या जानेवारीत क्रोम 88 बरोबर नवी नियमावली सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने तिच्यावर जाहीर टीका केली. 2022 च्या जानेवारीपासून तुमच्या दालनात जुन्या पद्धतीची नवी एक्स्टेन्शन घेणे बंद झाले. त्या वर्षाअखेर तुम्ही वेळापत्रक पुढे ढकललेत. ऐकत असाल, असे आम्हाला वाटले.

आम्ही थांबलो.

2023 च्या नोव्हेंबरात नवे वेळापत्रक आले. 3 जून 2024 पासून चाचणी आवृत्त्यांत इशारे दिसू लागले. पुढे ते सामान्य माणसाच्या पडद्यावर आले. आधी एक ओळ: हे एक्स्टेन्शन लवकरच चालणार नाही. मग ऑक्टोबरपासून एक्स्टेन्शन आपोआप बंद. तेव्हा ते हाताने परत चालू करता येई. आम्ही घरोघर जाऊन चालू केले. 2025 च्या जुलैत तेही संपले. बटण राखाडी झाले. दाबले तरी हलत नाही. खाली एकच पर्याय उरला: काढून टाका.

क्रोमवर यूब्लॉक ओरिजिन तीन कोटींहून अधिक लोकांनी बसवलेले होते.

हिल यांनी नव्या नियमावलीत बसणारी धाकटी आवृत्ती केली आहे. तुमच्या चौकटीत जेवढे शक्य तेवढे ती करते. मूळची ताकद तिच्यात नाही. ती पाहून प्रश्न मिटला असे कोणी समजू नये.

आता थोडे जवळून पाहा.

निवृत्त मुख्याध्यापक. बँकेचे कार्ड चालेना. त्यांनी शोधाच्या चौकटीत बँकेचे नाव टाकले आणि पुढे 'कस्टमर केअर' लिहिले. पहिल्याच ओळीत नंबर मिळाला. ओळीच्या वर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' होते. त्यांनी चष्मा लावला होता. तरी ते अक्षर त्यांना दिसले नाही. पलीकडचा माणूस "सर, सर" म्हणत मराठीत बोलला. पडदा दाखवणारे अ‍ॅप उतरवून घ्यायला लावले. ओटीपी मागितलाही नाही. तो त्याला दिसतच होता. पेन्शन गेली.

त्यांनी ही गोष्ट घरी सांगितली नाही. आम्हाला सांगितली, कारण संगणक 'साफ' करून हवा होता. पैशांपेक्षा शरम मोठी होती. चाळीस वर्षे मुलांना शहाणे करणारा माणूस आमच्यासमोर खाली बघत होता.

अशा फसव्या जाहिराती हा आमच्या कल्पनेचा खेळ नाही. 2022 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफबीआयने शोधाच्या पानावरील तोतया जाहिरातींबद्दल जाहीर सूचना काढली. सामान्य माणसाने काय करावे, तेही तिच्यात सांगितले. शोध घेताना जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन वापरा, असा सल्ला त्यात आहे.

तुमच्याच देशाच्या तपास यंत्रणेचा हा सल्ला आहे. तो आम्ही पाळत होतो.

निकालाचा दिवस घ्या. मुलगी आईच्या शेजारी बसून निकाल शोधते. मुख्य संकेतस्थळावर गर्दी, ते उघडत नाही. दुसरे कुठले तरी उघडते. पानावर हिरवी 'डाउनलोड'ची चार बटणे. खरे एकच, तेही सगळ्यांत लहान. बाकीची जाहिराती. चुकीचे दाबले की वेगळेच काही उतरते. संध्याकाळी तो संगणक आमच्याकडे येतो.

यूब्लॉक ओरिजिन असताना त्या पानावर एकच बटण दिसे.

आमच्या लेखी एक्स्टेन्शनचा अर्थ एवढाच आहे. ही चैन नाही, हौशी तंत्रज्ञांचा छंद नाही. आम्ही ज्यांना शब्द दिला आहे, त्यांच्या आणि लबाडांच्या मध्ये असलेली ती एक भिंत आहे. ती तुम्ही काढलीत.

आणि फोन.

आपल्याकडे बहुतेकांचे इंटरनेट म्हणजे फोन. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसवता येत नाही. एवढ्या वर्षांत ती सोय आलीच नाही. रोजचा ठरलेला डेटा पुरवून वापरणाऱ्या घरात त्या डेटाचा एक वाटा न मागितलेल्या जाहिराती उतरवण्यात जातो. त्याचे पैसे आम्ही भरतो.

फोनवर हे जमत नाही, असे कोणी सांगू नये. फायरफॉक्समध्ये जमते. यूब्लॉक ओरिजिन तिथे पूर्ण ताकदीने चालते. त्याच अँड्रॉइडवर, त्याच स्वस्त फोनवर.

भारतीय स्पर्धा आयोगाने 2022 च्या ऑक्टोबरमध्ये तुमच्या कंपनीला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. अ‍ॅपच्या बाजारातले वर्चस्व वापरून क्रोमचे स्थान राखले, हा त्यातला एक ठपका होता. 2023 च्या मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने काही निर्देश रद्द केले, दंड कायम ठेवला. 2024 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने शोधाच्या बाजारात तुम्हाला मक्तेदार ठरवले. 2025 च्या सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाने क्रोम विकायला लावण्यास नकार दिला.

न्यायालये त्यांच्या गतीने चालतील. आम्ही त्यांच्यावर विसंबून नाही. आमचे काम न्यायालयाच्या आदेशाशिवाय होते.

पूर्वी काय झाले, ते पाहा. हा भाग धमकी म्हणून वाचू नका. नोंद म्हणून वाचा.

2013 मध्ये ऑपेरा या ब्राउझरने आपले जुने इंजिन टाकले आणि तुमचे घेतले. नव्या आवृत्तीत जुन्या सोयी नव्हत्या. साधे बुकमार्कसुद्धा नीट नव्हते. वर्षानुवर्षांचे निष्ठावान वापरकर्ते उठून गेले. त्यांच्या नाराजीतून विवाल्डी हा नवा ब्राउझर उभा राहिला, आणि तो उभा करणारे होते ऑपेराचेच एक संस्थापक.

14 नोव्हेंबर 2017 रोजी फायरफॉक्स 57 आला. वेगवान होता. त्याने जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन एका दिवसात निकामी केली. ज्यांची रोजची कामे त्यांवर चालत, त्यांतले कितीतरी तुमच्याकडे आले. नवी एक्स्टेन्शन कुठेही सारखीच असतील तर इथेच का थांबावे, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

2019 च्या मे महिन्यात एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातल्या फायरफॉक्समधली एक्स्टेन्शन एका रात्रीत बंद पडली. चूक होती, दुरुस्त झाली. पण त्या एका दिवसात लोकांना कळले की एक्स्टेन्शन गेल्यावर उरलेला ब्राउझर ही वेगळीच वस्तू असते.

2020 मध्ये अँड्रॉइडच्या नव्या फायरफॉक्सने मोजकी एक्स्टेन्शन ठेवून बाकी सगळी बंद केली. लोक संतापले. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला दार पुन्हा पूर्ण उघडायला 2023 चा डिसेंबर लागला. पण तिने ते उघडले.

चूक सुधारता येते, याचा हा पुरावा तुमच्यासमोर ठेवत आहोत.

आमचे म्हणणे सरळ आहे.

विनंती मध्येच अडवण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्याच्या एक्स्टेन्शनला परत द्या. सरसकट नको. ज्याला हवा त्याने समजून-उमजून परवानगी द्यावी, ती केव्हाही काढून घेता यावी. पडद्यावर इशारा दाखवा, दोनदा विचारा, एक्स्टेन्शनची तपासणी कडक करा. त्याला आमची हरकत नाही. कंपन्यांच्या प्रशासकांना जे चालते ते घराच्या मालकाला चालले पाहिजे. एवढेच.

आणि अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनची सोय कधी देणार, त्याची तारीख जाहीर करा. नुसता विचार सुरू असल्याचे उत्तर चालणार नाही.

मुदत येत्या वसुबारसेपर्यंत.

तो दिवस कोणता, ते तुमच्या मुंबईच्या कार्यालयात कोणीही सांगेल. आम्ही तो का निवडला, तेही सांगतो.

दिवाळीत माणसे घरी येतात. शाळांचे संगणक कक्ष बंद असतात आणि यंत्रे आमच्या ताब्यात असतात. दुकानदार नव्या वर्षाच्या वह्या करतात, पाडव्याला नवे संगणक विकत घेतले जातात. घराची झाडलोट होते. त्याच आठवड्यात आजीचा टॅब, बाबांचा लॅपटॉप, मामाच्या दुकानातला बिलाचा संगणक आमच्यासमोर येतो. दर दिवाळीला येतो. या दिवाळीलाही येणार.

वसुबारस उलटली आणि उत्तर आले नाही, तर पुढचे काम सुरू होईल.

काय होईल ते मोघम ठेवत नाही.

प्रत्येक यंत्रावर फायरफॉक्स बसेल. क्रोममधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड तिकडे नेले जातील. ती सोय त्यात आहेच. यूब्लॉक ओरिजिन लागेल. तोच मुख्य ब्राउझर होईल. मेनू मराठीत करून दिला जाईल. बँक, वीजबिल, सातबारा, रेल्वेचे तिकीट, प्रत्येक पान त्या माणसाला शेजारी बसवून उघडून दाखवले जाईल. मग खालच्या पट्टीवरचे तुमचे चिन्ह काढले जाईल.

काही सरकारी संकेतस्थळे अजून 'क्रोमच वापरा' असे सांगतात. त्यांच्यापुरता क्रोम आतल्या फोल्डरमध्ये राहील. संकेतस्थळे बांधणाऱ्यांना आम्ही वेगळे लिहू.

फोनवरही हेच होईल. तिथे तुमचे अ‍ॅप मुळातच बसवलेले असते आणि अनेक फोनवर ते काढता येत नाही. काढायची गरज नाही. बंद करता येते. मुख्य ब्राउझर बदलता येतो. सेटिंगमध्ये तो पर्याय कुठे असतो, हे आम्हाला पाठ आहे.

माणूस दोन दिवस कुरकुरतो. तिसऱ्या दिवशी विचारतो, जाहिराती कुठे गेल्या?

त्यानंतर तो परत येत नाही. इंटरनेट एक्सप्लोररकडे कोणी परत गेले नाही. 15 जून 2022 रोजी मायक्रोसॉफ्टने तो अधिकृतपणे बंद केला. त्याच्या किती तरी आधी आम्ही तो घराघरांतून काढला होता.

इतरांनाही दोन शब्द.

एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी हे सगळे ब्राउझर तुमच्याच क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर, उभे आहेत. केंद्र सरकारच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत पहिला आलेला झोहोचा उला, तोही क्रोमियमवरच. त्यांतल्या काहींत जाहिराती अडवण्याची सोय आतच आहे. ती चांगली गोष्ट आहे. पण एक्स्टेन्शनचा कणा मुळातच कापला गेला, तर वर उभ्या इमारतींना तो फार काळ सांभाळता येणार नाही. स्वदेशी म्हणवणाऱ्यांनी आपण कोणाच्या पायावर उभे आहोत याचा विचार करावा.

मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग तुमच्याच शोधयंत्राच्या करारातून येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. डोळे झाकून आम्ही कोणाकडे जात नाही. फायरफॉक्सने जुना अधिकार आज कायम ठेवला आहे, म्हणून आज तिकडे जात आहोत. उद्या त्याने तो काढला तर हेच निवेदन त्याच्या नावाने निघेल.

आमची निष्ठा कोणत्याही चिन्हाशी नाही. ज्यांनी विश्वासाने आपला संगणक आमच्या हाती दिला, त्यांच्याशी आहे.

तुमच्याशी वैर नाही. तुमचे नकाशे आम्ही वापरतो, तुमच्या कळफलकावर मराठी लिहितो. चांगल्या कामाला चांगले म्हणण्यात आम्हाला कधी कमीपणा वाटला नाही. म्हणूनच 2018 पासून आजपर्यंत वाट पाहिली. म्हणूनच ही मुदत देत आहोत. ती एकदाच दिली जाते.

शेवटी, आमच्या माणसांना.

दिवाळीच्या सुटीत मुलगा, पुतणी, भाचा घरी आला की संगणक समोर ठेवा. फोनही ठेवा. काय बदलले, ते विचारा. समजेपर्यंत विचारा. पासवर्ड स्वतःच टाका, आम्हालाही सांगू नका. शोधात पहिला आलेला नंबर फिरवू नका. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे आणि पासबुकावर असतो. एक्स्टेन्शन कोणी सांगितले म्हणून लावू नका. कोणाचे आहे, ते पाहून लावा.

आणि ज्यांना हे काम येते, त्यांनी आपल्या गावातली, गल्लीतली यंत्रे आतापासून लिहून ठेवावीत. कोणाच्या घरी कोण जाणार, ते नवरात्रात ठरेल.

मुदत वसुबारसेला सूर्यास्ताबरोबर संपते. त्यानंतर मुदतवाढ नाही, पुढचे पत्र नाही. पुढे जे होईल त्याची जबाबदारी सर्वस्वी गूगल कंपनीची राहील, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.